पोट त्याचं, घाई आपली

(दृश्य: रात्र. काचेच्या पेटीत वेटोळं घालून बसलेला बॉल पायथन. समोर लांब चिमट्यात धरलेला उंदीर.)

उंदीर गोठवलेला होता. रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून तो सैल झाला, मग गरम पाण्यात धरून कोमट केला. चिमटा हळूच हलतो. साप जीभ बाहेर काढतो. एकदा, दोनदा. मग मान वळवतो आणि आपल्या लपायच्या डब्यात निघून जातो.

साप पाळणाऱ्यांच्या घरात हे रोजचंच. आठवडा जातो, महिना जातो. घरातलं कुणीतरी दर दोन दिवसांनी चिमटा घेऊन पेटीपाशी उभं असतं. "खा रे बाबा, थोडं तरी खा." जेवायला नाही म्हणणाऱ्या लेकराची असते तशीच ही काळजी. ती खरी असते, म्हणूनच तिच्याबद्दल बोलायला हवं. कारण सापाच्या पोटाची कितीतरी दुखणी ह्याच काळजीतून सुरू होतात.

(दृश्य: गवताळ माळ, वारूळ, उंदराचं बीळ.)

बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो आणि बेनिन ह्या देशांतून तो वर्षानुवर्षं जगभर विकला गेला. घाबरला की डोकं मध्ये घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, त्यावरून त्याचं हे नाव पडलं. तिकडे तो बिळांत, वारुळांच्या पोकळीत राहतो आणि वर्षातले काही महिने उपाशी काढतो. मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून जवळजवळ दोन महिने बसते, त्या काळात सहसा अन्नाला तोंड लावत नाही. विणीच्या हंगामात नरही खाणं सोडतात. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ होतात, तेव्हाही बरेच साप नकार देतात. हा उपास त्याच्या अंगवळणीच पडलेला आहे.

आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. नायजेरियात रानातल्या बॉल पायथनांचा अभ्यास झाला, तेव्हा नरांच्या आहारात पक्ष्यांचं प्रमाण मोठं निघालं, माद्यांच्या आहारात उंदरांसारख्या प्राण्यांचं. अशा रानातून आणलेल्या सापापुढे आपण प्रयोगशाळेत वाढलेला पांढरा उंदीर धरतो. त्याला ते अन्न आहे हेच कळलं नाही, तर त्याला हट्टी कसं म्हणायचं?

म्हणून चिमट्याआधी हातात घ्यायचा तो वजनकाटा. प्रौढ साप धष्टपुष्ट असेल आणि महिन्याभरात वजन जेमतेम हललं असेल, तर थांबता येतं. पाठीचा कणा वर दिसू लागला, तोंडात पू किंवा चिकट लाळ दिसली, श्वास घेताना आवाज येऊ लागला, तर थांबायचं नाही. त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठायचा. तोंड सुजलेल्या सापाला भूक असूनही गिळता येत नाही.

(दृश्य: अजगर भक्ष्य गिळतोय. जबडा, मान, मग फुगलेला मध्यभाग.)

आता हे पोट आतून बघू.

बर्मी अजगर आपल्या ईशान्य भारतात सापडतो, आणि महाराष्ट्रातल्या अजगराचा तो अगदी सख्खा नातेवाईक. त्याच्यावर अमेरिकेत जे प्रयोग झाले, ते वाचून मी थक्क झालो. उपाशी अजगराचं पोट जवळजवळ बंद असतं. जठरात आम्ल नसतंच म्हटलं तरी चालेल. त्यानं भक्ष्य गिळलं की आत कारखाना सुरू होतो. दोन दिवसांत जठरातला रस लिंबाच्या रसाहून आंबट होतो. लहान आतड्याचं वजन जवळपास दुप्पट होतं. यकृत वाढतं, मूत्रपिंड वाढतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तर हृदयाचा स्नायूसुद्धा ४८ तासांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेला आढळला. पचन संपलं की सगळं पुन्हा आक्रसतं.

इतकं मोठं काम चालवायला लागणारी ऊब सापाकडे स्वतःची नसते. ती बाहेरून घ्यावी लागते. बॉल पायथनच्या पेटीचं एक टोक ३१ ते ३३ अंश सेल्सिअस असावं आणि दुसरं त्याहून पाच-सहा अंशांनी थंड, म्हणजे हवं तिथे सरकायची सोय त्याला राहते. रात्री पेटीला ऊब देणारी विजेची चटई (हीट मॅट) बंद पडली, खोली गारठली, तर पाचक रस मंदावतात. पण गिळलेल्या उंदराच्या आतड्यातले जिवाणू काही थांबत नाहीत. भक्ष्य पचण्याऐवजी आतल्या आत कुजायला लागतं. मग ते बाहेर टाकण्याशिवाय सापाला गत्यंतर नसतं.

(दृश्य: दिवाणखाना. पाहुणे. सापाला पेटीतून बाहेर काढणारे हात.)

साप ओकण्याचं दुसरं मोठं कारण ह्या दृश्यात आहे. सात आठवड्यांनी तो जेवला. घरात आनंदीआनंद. दुसऱ्याच दिवशी पाहुणे आले आणि कौतुकानं त्याला हातावर घेतलं. संध्याकाळी पेटीत ओला, दुर्गंधी सुटलेला उंदीर पडलेला.

महाराष्ट्रातल्या सर्पमित्रांना हे वेगळं सांगावं लागत नाही. नुकतीच जेवलेली धामण किंवा नाग पकडला, की तो उंदीर नाहीतर बेडूक ओकून टाकतो. जड पोटानं पळता येत नाही, म्हणून ओझं टाकून जीव वाचवायचा, हे त्याचं शहाणपण. पाहुण्याच्या हातावरच्या सापालाही नेमकं तेच वाटत असतं: आपण पकडले गेलो. जेवणानंतर निदान दोन दिवस, मोठं भक्ष्य असेल तर त्याहून जास्त, सापाला हात लावायचा नाही. आणि भक्ष्य निवडताना सापाच्या अंगाचा सगळ्यात जाड भाग बघायचा. उंदीर साधारण तेवढ्याच जाडीचा हवा.

साप ओकल्यानंतर माणूस काय करतो? बिचारा उपाशी राहिला म्हणून दोन दिवसांत पुन्हा उंदीर देतो. ही चूक जिवावर बेतते. वर आलेल्या आम्लानं अन्ननलिका भाजलेली असते, अंगातलं पाणी गेलेलं असतं. सापाला स्वच्छ पाणी, नीट ऊब, आणि दोन आठवडे काहीही नाही. मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर. तोही ओकला, तर घरगुती उपाय तिथेच संपले.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालचा नमुना. पशुवैद्याचं टेबल.)

कारण मग शंका येते ती आजाराची. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी जठराच्या अस्तराला सुजवतो. १९७७ साली ह्या आजाराचं सापांमधलं वर्णन प्रसिद्ध झालं. जेवणानंतर काही दिवसांनी ओकणं, शरीराच्या मध्यावर घट्ट गाठीसारखी सूज, हळूहळू वाळत जाणारा साप. खात्रीनं बरं करणारं औषध आजही नाही, आणि नेहमीच्या ब्लीचनं तो मरत नाही. एकाच्या पेटीतला चिमटा दुसऱ्याच्या पेटीत गेला तरी पुरे. बोआ जातीच्या सापांत वारंवार ओकणं हे एका विषाणूजन्य आजाराचंही लक्षण असतं; त्यामागचा विषाणू सापडला तो २०१२ मध्ये. आणि कासवाच्या पोटात निरुपद्रवीपणे राहणारा एक अमीबा सापाच्या आतड्यात शिरला, तर रक्ताचे जुलाब होऊन साप दगावतो. म्हणून साप आणि कासव शेजारी ठेवायचे नाहीत, आणि नवा साप आणला की तीन महिने वेगळ्या खोलीत.

(दृश्य: श्रावण. पाटावर मातीचा नाग, लाह्या, दुधाची वाटी.)

पोटावरच्या अत्याचाराची गोष्ट मात्र आपल्या अंगणातच आहे. साप दूध पीत नाही. ते पचवायची सोयच त्याच्याकडे नाही. मग गारुड्याच्या टोपलीतला नाग वाटीत तोंड कसं घालतो? कारण नागपंचमीआधी कित्येक दिवस त्याला पाण्याचा थेंब मिळालेला नसतो. तहानेनं व्याकूळ झालेला जीव समोर येईल ते ओलं पितो. सापाच्या श्वासनलिकेचं तोंड जबड्यात अगदी पुढे असतं. दूध तिथून आत गेलं की न्यूमोनिया होतो. नागाला कामाचं फुफ्फुस एकच असतं. दात उपटल्यानं तोंडात आधीच जखमा असतात. सण संपतो, टोपली दिसेनाशी होते, आणि पुढे त्या नागाचे किती हाल झाले ते वाटी पुढे करणाऱ्या माउलीला कधीच कळत नाही. तिची भक्ती खोटी नव्हती, म्हणून हे अधिकच लागतं. पाटावरच्या मातीच्या नागाला लाह्या आणि दूध आजही चालतं. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात जिवंत नागांच्या पूजेवर उच्च न्यायालयाच्या आदेशानं बंदी आली, तेव्हा गावानं नागप्रतिमा पुजली.

एवढं सांगायलाच हवं: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं नाग, धामण, अजगर घरी पाळणं हा गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी सापाची सरकारदरबारी नोंद करावी लागते.

(दृश्य: पुन्हा तीच पेटी. ओकल्यानंतरचा पंधरावा दिवस.)

उंदीर ह्या वेळी लहान आहे. चिमटा नाही. बशीत ठेवलाय, डब्याच्या तोंडाशी. पेटीवर कापड टाकलं, दिवा मालवला, दार लोटून घेतलं.

सकाळी बशी रिकामी. साप उबदार टोकाला, पोटाशी जेमतेम फुगवटा. काचेवर वहीचं पान चिकटवलंय, मुलांच्या अक्षरात: "शुक्रवारपर्यंत हात लावू नये."