एका फुलीची गोष्ट

मंडळी, मघाशी पाहुण्यांची ओळख करून देताना दोनदा थांबावं लागलं, कारण डोक्यावरून विमान गेलं. पार्लेकरांना त्याची सवय आहे. बोलणं जिथे तुटतं तिथूनच आपण ते पुढे उचलतो. आज त्या आवाजाविषयीच बोलायचं आहे.

मुंबईचा पहिला विमानतळ जुहूचा, १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. सांताक्रूझची धावपट्टी आली महायुद्धात, ब्रिटिश हवाई दलासाठी. युद्धानंतर ती नागरी वाहतुकीला मिळाली.

गंमत पुढेच आहे. जुहू आणि सांताक्रूझच्या मुख्य धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेच्या, आणि मध्ये अंतर थोडं. वरून बघणाऱ्याचा घोटाळा होणारच! १९५३ च्या जुलैत एक कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. १९७२ मध्ये एका जपानी डीसी-८ ने तेच केलं. जुहूची पट्टी सव्वा किलोमीटरसुद्धा नाही, त्यामुळे विमान तिच्या पलीकडे गेलं आणि पुन्हा उडालं नाही.

आता सांताक्रूझच्या नकाशाकडे बघा. ०९/२७ ही मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम, साधारण साडेतीन किलोमीटरची. दुसरी १४/३२, तिरकी. दोघी एकमेकींना छेदतात, फुली मारल्यासारख्या. म्हणायला पट्ट्या दोन, पण एकीवर विमान धावत असताना दुसरीला गप्प बसावं लागतं. हे आकडे म्हणजे दिशा. २७ म्हणजे २७० अंश, सरळ पश्चिम. पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो, म्हणून विमानं घाटकोपर-कुर्ल्यावरून उतरतात आणि समुद्राकडे तोंड करून उडतात. तिरकीच्या आग्नेयेला तुर्भ्याची (ट्रॉम्बेची) टेकडी आहे, त्यामुळे तिचा उपयोग बेताचाच.

या अडचणीत ८ डिसेंबर २०१८ ला एका दिवसात १,००७ विमानं हलवली गेली. दिवसाची मिनिटं १,४४०. म्हणजे सरासरी दीड मिनिटापेक्षा कमी. आपल्या लोकलवाल्यांनीही हात जोडावेत! २०१४ च्या टी-२ टर्मिनलच्या मोरपिसांच्या छताचं कौतुक सगळे करतात. मला विचाराल तर खरी करामत त्या ८४ मीटर उंच नियंत्रण मनोऱ्यात बसलेल्यांची.

मोठी धावपट्टी मिठी नदीवर ओढलेली आहे. नदी पट्टीखालून जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि नदीनं आपली जागा परत मागितली. विमानतळ बंद पडला.

आता नवी मुंबईला दुसरा विमानतळ झाला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं. त्यासाठी उलव्याची टेकडी उतरवावी लागली.

एक शेवटचं. दरवर्षी पावसाळ्याआधी, मे महिन्यात, एक दिवस सकाळी ११ ते ५ दोन्ही धावपट्ट्या बंद ठेवतात. उतरताना टायर घासून बसलेले रबराचे काळे पट्टे खरवडतात, दिवे तपासतात, भेगा बुजवतात. त्या सहा तासांत कुणी तुमच्या घरी गप्पा मारायला आलं, तर मध्येच थांबण्याच्या सवयीनं तुम्ही उगीचच वर बघाल.