मुळेचं पाणी, कुंडलिकेची वाट

पुण्यात संगमावर मुळा मुठेला मिळते. पुढे भीमा, मग कृष्णा, आणि थेट बंगालचा उपसागर. शाळेत आपण हेच पाठ केलं. पण मुळशी धरणात अडलेलं बरंचसं पाणी पुण्याकडे येतच नाही. ते उलटं, पश्चिमेला वळतं, कोकणातल्या कुंडलिका नदीत.

चांदणी चौक सोडला, पौड मागे पडलं, की हा जलाशय दिसू लागतो. याच्या तळाशी मावळातली गावं आहेत, देवळं आहेत, भाताची खाचरं आहेत. १९२१ साली सेनापती बापटांबरोबर इथले शेतकरी ‘जान किंवा जमीन’ म्हणत उभे ठाकले. तीन वर्षं झुंजले. धरण तरीही झालं. कुंडलिकेची गोष्ट सांगताना त्यांना वगळणं आम्हाला जमणार नाही.

ताम्हिणीचा घाट उतरलं की रायगड जिल्हा. इथे भिऱ्याचं वीजघर १९२७ पासून चालू आहे. सुमारे ५०० मीटर खाली कोसळणारं पाणी टर्बाइन फिरवतं आणि कुंडलिकेत सुटतं.

कोकणातल्या लहान नद्या होळीपर्यंत आटतात, मागे उरतात ते डोह. कुंडलिका मात्र वैशाखातही वाहते. कोलाडला राफ्टिंग सकाळी असतं, कारण भिऱ्याहून पाणी सकाळी सुटतं. पुण्याहून आलेली मुलं वल्ही मारतात ती आपल्याच मुळेच्या पाण्यात!

थोडं खाली डोलवहाळचा बंधारा. तिथून कालवे निघतात, म्हणून या भागात पावसाळ्यानंतर दुसऱ्यांदा भात उभा राहतो. एरवी कोकणात भात कापला की ओलीवर वाल पेरायचा, हीच रीत. पुढे रोह्याचा नदीकाठचा घाट. शेजारच्या धाटावच्या कारखान्यांचीही तहान हीच नदी भागवते. कारखान्यांच्या सांडपाण्याची तक्रार खाडीतले मच्छीमार वर्षानुवर्षं करत आले आहेत, आणि ती ऐकली गेली पाहिजे.

रोह्याखाली भरतीचं पाणी आत शिरतं, नदीची खाडी होते. काठाला तिवरं, शेतं राखायला मातीचे बांध. उधाणात बांध फुटला, की खारं पाणी शिरलेल्या शेतात पुढची काही वर्षं भात नीट येत नाही. चिखलात निवट्या, चिंबोऱ्या. आणि नशीब असेल तर जाळ्यात जिताडा. त्या दिवशी घरात दुसरं कालवण होत नाही.

रेवदंड्याला मुख. पलीकडे कोर्लईचा किल्ला. ओहोटी लागली आहे, होड्या एकेक करून बाहेर पडताहेत, आणि मुळशीचं पाणी त्यांच्याखालून अरबी समुद्रात चाललं आहे.