तीन गावं, एक वर्ष : गडचिरोली २००९

(पडद्यावर : पहाटेचं जंगल. आवाज फक्त पाखरांचा.)

मरकेगाव. हत्तीगोटा. लाहेरी. ही नावं गडचिरोलीबाहेर फारशी कुणी ऐकली नव्हती.

१ फेब्रुवारी २००९. मुंबईवरच्या हल्ल्याला जेमतेम दोन महिने झालेले. राज्याचा जीव समुद्रकिनाऱ्याकडे टांगलेला, आणि इकडे धानोरा तालुक्यात मरकेगावच्या जंगलात दबा धरून बसलेल्या नक्षलवाद्यांनी पोलिसांचं पथक गाठलं. १५ पोलीस गेले.

दलम, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र टोळ्या, इथे नवे नव्हते. १९८० मध्ये ते तेव्हाच्या आंध्रातून नदी ओलांडून सिरोंच्यात उतरले. गडचिरोली जिल्हा झाला तो त्यानंतर दोन वर्षांनी. तेंदूपत्ता आणि बांबूतोडीची कवडीमोल मजुरी, वर वनखात्याच्या माणसांचा जाच. त्यावर बोलणारं दुसरं कुणी गावात येत नव्हतं, म्हणून त्यांचा जम बसला. पुढे त्याच तेंदूपत्त्याच्या ठेकेदारांकडून खंडणी सुरू झाली. ‘पोलिसांचा खबऱ्या’ एवढा शिक्का पुरेसा झाला, आणि आदिवासींच्या नावानं लढणाऱ्यांनी आदिवासींचेच मुडदे पाडले.

सरकारनं १९९० च्या सुमारास ‘सी-६०’ पथक उभं केलं. सुरुवातीला ६० जवान, बहुतेक इथलेच, माडिया-गोंडी बोलणारे. जंगलात लढायचं तर जंगलातलाच माणूस हवा, हा हिशेब चुकीचा नव्हता. पण मग बंदुकीच्या दोन्ही टोकांना एकाच भागातली पोरं उभी राहिली.

(पडद्यावर : तेंदूपत्त्याचे पुडे, वाळत घातलेले.)

२१ मे. तेंदूच्या हंगामाचे दिवस. हत्तीगोट्याला १६ पोलीस मारले गेले. त्यांत ५ महिला.

इथे जरा थांबू या. तेव्हा गडचिरोलीत कारखाने नावालाच होते. शेती बरीचशी पावसावरची. बारावी झालेल्या मुलीला महिन्याच्या महिन्याला पगार देणाऱ्या ज्या थोड्या वाटा आहेत, त्यांतली एक पोलीस भरती. मैदानावर धावणाऱ्या मुलींना ही नोकरी कुठे घेऊन जाते हे पक्कं ठाऊक असतं. तरी त्या धावतात.

जूनमध्ये केंद्रानं नक्षलवाद्यांच्या भाकप (माओवादी) या पक्षाला दहशतवादी संघटना ठरवून बंदी घातली. मग पाऊस लागला. पर्लकोटा नदी फुगली की भामरागड जगापासून तुटतं. पोलीस असोत की दलम, सगळ्यांच्याच हालचाली मंदावतात.

पाऊस ओसरला की मात्र झाडोरा इतका माजलेला असतो की दहा पावलांपलीकडचा माणूस दिसत नाही. नेमकी त्याच दिवसांत विधानसभेची निवडणूक आली.

८ ऑक्टोबर. भामरागड तालुक्यातलं लाहेरी, छत्तीसगडमधल्या अबुझमाडच्या घनदाट डोंगराळ जंगलाच्या तोंडाशी. १७ पोलीस ठार. मतदानाला पाच दिवस उरले होते.

तीन गावांत मिळून ४८. वर्षभरातल्या इतर चकमकी यात धरलेल्या नाहीत.

(पडद्यावर : कच्चा रस्ता, एका रांगेत अंतर राखून चालणारी माणसं.)

१३ ऑक्टोबरला ठरल्याप्रमाणे मतदान झालं. या भागात ते दुपारी ३ वाजताच आटोपायचा प्रघात आहे, कारण अंधार पडायच्या आत तळावर पोचायचं असतं. गाडीचा रस्ता असला तरी त्याखाली भुसुरुंग असू शकतो. म्हणून कर्मचारी मतदान यंत्र घेऊन आडवाटेनं पायी निघतात. पुढे-मागे जवान, आणि बोलत कुणीच नाही.