शिवनेरी जिल्हा : वाकडेवाडीपर्यंतचा रस्ता

(दृश्य : जुन्नर एसटी स्थानक, पहाट)

जुन्नर. पहाटेचे साडेपाच. लोकांच्या तोंडी पुण्याची गाडी अजून ‘शिवाजीनगर’च. खरं तर २०१९ संपता संपता मेट्रोच्या कामासाठी ते स्थानक वाकडेवाडीला हललं.

खिडकीशी बसलेले हे बाबा. मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत सातबारा, फेरफार आणि फडक्यात बांधलेली भाकरी. बांधावरून भाऊबंदकीचा वाद आहे. प्रांताधिकाऱ्यांचा निकाल मंचरला लागला, पुढचं अपील पुण्यात. नव्वदेक किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं. वाटेत चाकण.

(दृश्य : चाकणच्या चौकातली कोंडी, ड्रोनमधून)

हे दृश्य आम्ही जरा जास्तच लांब ठेवलंय. मुद्दाम.

पुणे जिल्हा १५,६४३ चौरस किलोमीटरचा. तालुके १४. २०११ च्या जनगणनेत माणसं ९४,२९,४०८. ठाण्यातून पालघर वेगळं निघालं आणि त्या मोजणीनुसार राज्यात सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा पुणेच उरला. एवढ्या सगळ्यांना जिल्हाधिकारी एक. जिल्हा परिषदही एकच. म्हणून जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चार तालुके काढून वेगळा जिल्हा करा, अशी मागणी आहे.

(दृश्य : नाणेघाट, धुकं, दगडी रांजण)

आता थोडं मागे जाऊ. दोन हजार वर्षं.

नाणेघाटातला हा रांजण. कोकणातून वर येणाऱ्या मालाची जकात यात पडायची, असं सांगतात. शेजारच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आहे. भिंतीवर जवळून पाहिलं तर दानाचे आकडे खोदलेले दिसतात. हिशेब घाटातच, वसुलीही घाटातच. त्यासाठी कुणाला पुण्याला जावं लागत नव्हतं, कारण पुणं तेव्हा कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं.

(दृश्य : शिवनेरी, पायथ्यापासून माथ्यापर्यंत)

हा शिवनेरी. १६३० साली शिवाजी महाराज इथे जन्मले. वेगळ्या जिल्ह्याला हेच नाव हवं, अशी मागणी आहे, आणि ते दप्तराला नवं नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, कॅप्टन रॉबर्टसन पुण्याचे पहिले कलेक्टर झाले. त्या अमदानीच्या सुरुवातीच्या कागदांत जुन्नर तालुक्याला ‘शिवनेर’ म्हटलेलं सापडतं.

१८८५ च्या गॅझेटियरमध्ये पुणे जिल्ह्याचे तालुके आठ : हवेली, जुन्नर, खेड, मावळ, पुरंदर, शिरूर, भीमथडी, इंदापूर. पुढे भीमथडीचे बारामती आणि दौंड झाले. मुळशी आला, आंबेगाव आला. १९४८ मध्ये भोर संस्थान विलीन झालं, तो मुलूखही जोडला गेला. आंबेगाव नावाचं गाव आज डिंभे धरणाच्या पाण्यात आहे आणि तालुक्याची कचेरी घोडेगावात. गाव बुडालं तरी तालुका राहिला. कागद पाण्याला असा भीक घालत नाही.

म्हणजे आतल्या रेषा हलत राहिल्या. जिल्हा मात्र फुटला नाही. १९६० मध्ये महाराष्ट्रात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. सिंधुदुर्ग आणि जालना १९८१ मध्ये, लातूर आणि गडचिरोली १९८२ मध्ये, मग मुंबई उपनगर, वाशीम, नंदुरबार, हिंगोली, गोंदिया आणि २०१४ मध्ये पालघर. दहाच्या दहा नावं मोजून पाहा. पुणे महसूल विभागातलं एकही नाही.

(दृश्य : माणिकडोह, पिंजऱ्यातला बिबट्या)

गंमत अशी, की सरकारच्या बाकीच्या खात्यांनी हा जिल्हा कधीच वाटून घेतलाय. वन खात्याचा ‘जुन्नर वन विभाग’ पाहा : जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर. बरोबर हेच चार तालुके. उसात बिबट्या दिसला की फोन जुन्नरला जातो.

पाण्याचंही तसंच. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे या पाच धरणांचा मिळून वेगळा कुकडी प्रकल्प.

(दृश्य : नारायणगाव बाजार, टोमॅटोचे क्रेट, पिकअपच्या नंबरपाट्या)

टोमॅटो नको, पाट्या बघा. सगळीकडे एमएच १४, म्हणजे पिंपरी-चिंचवडचं. पुण्याचं एमएच १२, बारामतीचं एमएच ४२. परिवहन खात्याला एक जिल्हा झेपला नाही. खेड तालुक्यात तर चाकण पोलीस आयुक्तांच्या हद्दीत आणि राजगुरुनगर पोलीस अधीक्षकांच्या. फक्त महसूल तेवढा अखंड.

(दृश्य : मंत्रालय, फायली)

जिल्हा करायला कायदा नवा लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ४. शासन आधी प्रारूप अधिसूचना काढतं, हरकती-सूचना मागवतं, त्या ऐकल्या जातात, मग अंतिम अधिसूचना राजपत्रात. त्यानंतर खरी उस्तवार सुरू होते : कुठलं महसूल मंडल, कुठला तलाठी सजा कुणाकडे; अभिलेख कक्षातली गाठोडी कुणी मोजून घ्यायची; जिल्हा परिषदेचे कर्मचारी, शाळा, ठेवी कशा विभागायच्या. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झालं ते याच वाटेनं, आठ तालुके घेऊन.

मुख्यालय जुन्नरला, मंचरला की राजगुरुनगरला, यावरून भांडणं होतील. इमारती, पदं, पैसा लागेल. चाकणच्या कारखान्यांचा महसूल कुणाकडे, हाही प्रश्न आहेच.

(दृश्य : माळीण, स्मृतिस्थळ. निवेदन नाही, सहा सेकंद)

३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला. जिल्ह्याचं ठिकाण जवळ असतं तरी हा डोंगर थांबला नसता. एवढं प्रामाणिकपणे सांगायला हवं.

(दृश्य : पुणे, दुपार)

सध्या मात्र सगळं गोठलेलं आहे. जनगणनेसाठी जिल्हे, तालुके, गावं यांच्या हद्दी बदलायला ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची तारीख होती. मोजणीचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७. मोजणी संपेपर्यंत नकाशावरची रेष हलवता येत नाही.

बाबांची सुनावणी पुढे ढकलली. नवी तारीख त्यांनी पिशवीच्या कोपऱ्यावर पेनानं लिहून घेतली, कागद हरवतो म्हणून.

(दृश्य : वाकडेवाडी, संध्याकाळ)

जुन्नरची गाडी लागलीय. भाकरी तशीच आहे, फडक्यात.