पीएसथ्रीची हार्ड डिस्क रुसली? पाच नंबरचा पर्याय दाबण्याआधी हे बघा

[टेबलावर पीएसथ्री, शेजारी त्यातून काढलेली हार्ड डिस्क]

नमस्कार मंडळी! पीएसथ्री, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ३ हा गेम कन्सोल, चालू केला आणि टीव्हीवर मेनूऐवजी एक वाक्य आलं: हार्ड डिस्कची फाइल सिस्टिम खराब झालीय, ती दुरुस्त केली जाईल. खाली फक्त ओके. आता?

आधी आठवा, मागच्या वेळी कन्सोल नीट बंद केला होता का? खेळताना लाइट गेली, कुणाचा पाय वायरीत अडकला, असं काही झालं असेल तर ओके दाबा आणि पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत जाऊ द्या. डिस्कवर काहीतरी लिहिणं चालू असताना वीज तुटली, नोंद अर्धवट राहिली, एवढंच. पण लाइट न जाताही आठवड्याभरात तेच वाक्य पुन्हा दिसलं, तर मात्र नीट बसून ऐका.

कारण इथे आजार दोन आहेत आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. डिस्क म्हणजे एक मोठी वही समजा. एक आजार म्हणजे अनुक्रमणिका चुकली, पानं धडधाकट आहेत. दुसरा म्हणजे पानच कुजलंय. पहिल्यावर कन्सोलकडे औषध आहे. दुसऱ्यावर नाही, आणि तरीही औषध पाजत बसलात तर डिस्क आणखी लवकर जाते.

मी स्वतः हा गाढवपणा केलाय. घाईघाईत सेफ मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या खास मेनूत, गेलो आणि थेट पाचवा पर्याय, रिस्टोअर पीएसथ्री सिस्टिम. त्याने डिस्क पूर्ण पुसली जाते. माझे सगळे सेव्ह (गेममधली साठवलेली प्रगती) गेले. तीन आठवडे कन्सोल छान चालला आणि मग तोच एरर परत! पान कुजलेलं होतं आणि मी नवीन अनुक्रमणिका लिहून खूश झालो होतो.

म्हणून कन्सोल अजून मेनूपर्यंत येत असेल, तर दुरुस्तीच्या आधी सेव्ह बाहेर काढा. आजच. एक यूएसबी ड्राइव्ह घ्या. तो एफएटी ३२ या पद्धतीनेच फॉरमॅट केलेला हवा, विंडोजची एनटीएफएस पद्धत असेल तर पीएसथ्री त्याला ओळखतच नाही. मग सेटिंग्ज, सिस्टिम सेटिंग्ज, बॅकअप युटिलिटी. एकेक सेव्ह वेगळाही कॉपी करता येतो, पण काही गेम्सच्या सेव्हला कॉपीबंदी असते. ते फक्त बॅकअप युटिलिटीतून निघतात आणि परत त्याच कन्सोलमध्ये जातात, दुसऱ्यात नाही. ट्रॉफी, म्हणजे गेममध्ये मिळवलेली बक्षिसं, मात्र ऑनलाइन खात्याशी आठवणीने सिंक करा.

"डिस्क कॉम्प्युटरला लावून फाइल्स काढू की," असं म्हणाल. नाही जमणार. पीएसथ्री डिस्कवर सगळं कुलूपबंद करून लिहितो आणि किल्ली त्याच कन्सोलच्या आत असते. विंडोजला डिस्क कोरी वाटते, आणि ती नव्याने तयार किंवा फॉरमॅट करू का, असं त्याने सभ्यपणे विचारलं तर? तिथे नाही म्हणा!

आता सेफ मोड. कन्सोल बंद, समोर लाल दिवा. पॉवरचं बटण दाबून धरा. कन्सोल चालू होईल, धरूनच ठेवा, तो पुन्हा बंद होईल. सोडा. परत दाबून धरा. बीप... बीप... आणि मग लागोपाठ दोन, बीप-बीप. लगेच सोडा. कंट्रोलर वायरीने जोडा, कारण इथे बिनवायरीचं चालत नाही.

सहा पर्याय दिसतील. आपल्याला तिसरा आणि चौथा हवा, त्याच क्रमाने. तिसरा, रिस्टोअर फाइल सिस्टिम. चौथा, रीबिल्ड डेटाबेस. याला वेळ लागतो, आणि मेसेज, प्लेलिस्ट अशा बारीकसारीक गोष्टी जातात, पण गेम आणि सेव्ह राहतात. मेनू अडखळत असेल, चिन्हं गायब झाली असतील, तर चौथ्याने खूप फरक पडतो. पाचव्याला अजून हात लावू नका.

हे करूनही रडगाणं चालूच? मग पान तपासायची वेळ आली. त्याआधी एक सोपी गोष्ट: फक्त चकतीवरचे गेम अडकतात आणि डाउनलोड केलेले मस्त चालतात का? मग संशय चकती वाचणाऱ्या लेन्सवर घ्या, हार्ड डिस्कवर नाही. उलट इन्स्टॉल दर वेळी त्याच टक्क्यावर थांबत असेल किंवा आतून टक-टक ऐकू येत असेल, तर डिस्कच.

[डिस्क कॅमेऱ्याजवळ]

ही साधी लॅपटॉपची अडीच इंची, साटा जोडणीची डिस्क आहे. बदलता यावी अशीच जागा ठेवलीय. जुन्या जाड मॉडेलला बाजूच्या झाकणाखाली, स्लिमला पुढच्या बाजूने तळाशी. एक निळा स्क्रू दिसतो बघा. हा फार मऊ असतो, चुकीच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर फिरवलात की डोकं गुळगुळीत होतं आणि मग रडायची पाळी. स्क्रूड्रायव्हर खाली दाबत, सावकाश फिरवा.

साटा ते यूएसबी अडॅप्टरने ती कॉम्प्युटरला लावा आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्क तपासणारा प्रोग्राम उघडा. फाइल्स कुलूपबंद असल्या तरी डिस्क स्वतःची तब्येत सांगते. दोन ओळी बघा: रिअलोकेटेड सेक्टर्स (खराब म्हणून बदललेले भाग) आणि करंट पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग). दोन्हींपुढे शून्य असेल तर उत्तम. पेंडिंगमध्ये आकडा असेल आणि दोन दिवसांनी तो वाढला, तर संपलं, नवीन डिस्क घ्या. आणि सीआरसी एरर (डेटा इकडून तिकडे जाताना होणाऱ्या चुका) वाढत असतील तर कदाचित डिस्क ठीक आहे, जोडणी सैल आहे. काढून परत घट्ट बसवा.

नवीन डिस्क घेताना जाडी साडेनऊ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, बसणारच नाही. एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपची डिस्क) चालते, पण आतलं साटा जुन्या पिढीचं आहे, तेव्हा चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

नवीन डिस्क बसवली की तिच्यावर कन्सोलची सिस्टिम पुन्हा घालावी लागते: एफएटी ३२ च्या यूएसबीवर पीएसथ्री (PS3) नावाचं फोल्डर, त्यात अपडेट (UPDATE) हे फोल्डर, दोन्ही नावं इंग्रजी कॅपिटलमध्ये, आणि त्यात अधिकृत अपडेटची फाइल. कन्सोल मागेल तेव्हा ड्राइव्ह लावा आणि स्टार्ट व सिलेक्ट एकदम दाबा. अगदी सुरुवातीची काही मॉडेल्स हे न मागता नुसती फॉरमॅट करून चालू होतात.

सगळं झालं की आधी बॅकअप परत घाला, गेम्स नंतर उतरवा. बॅकअप घालताना डिस्क पुन्हा पुसली जाते, आणि रात्रभर उतरवलेला गेम सकाळी गायब झालेला बघणं काही मजेचं नसतं.