नाल्यातले जंतू मीटर चालवतात

सकाळचे साडेसहा, धुळ्यातला एक नाला, आणि फेस बघा कसा चढलाय, पिंजलेल्या कापसासारखा. पलीकडे म्हशी, त्यांना काही पडलेली नाही. हे पाणी पांझरेत उतरतं, पांझरा मुडावदला तापीला मिळते.

घाण किती, ते बीओडीवरून कळतं. पाण्यातली घाण खाताना जंतू किती ऑक्सिजन ओढतात त्याचा हिशोब. या 300 मिलीच्या काचेच्या बाटल्या, बूच असं बसवायचं की आत बुडबुडासुद्धा नको, मग 27 डिग्रीला 3 दिवस इन्क्युबेटरमध्ये. नदीत सोडायच्या सांडपाण्याची मर्यादा लिटरला 30 मिलीग्रॅम. पण रिपोर्ट हातात येतो तोवर ते पाणी कुठल्या कुठे गेलेलं असतं, दाखवणार कोणाला, म्हशीला?

म्हणून ही बरणी. तळाशी काळं दिसतंय ते कार्बन फेल्ट, म्हणजे कार्बनच्या धाग्यांचं जाड कापड, याच नाल्याच्या गाळातले जंतू त्यावर पंधरा दिवस वाढवलेत. खाली हवा पोचत नाही, मग जंतू घाण खातात आणि ऑक्सिजन नाही म्हणून इलेक्ट्रॉन सरळ कार्बनला देऊन मोकळे होतात, ते वायरमधून वरच्या तुकड्याकडे जातात, जो हवेला लागून आहे. घाण जास्त तर करंट जास्त. आता नाल्याचं पाणी ओततोय... मीटर बघा. हा शॉट आम्ही तीनदा घेतला, दरवेळी चढला.

नवीन काही नाही हं यात. जपानमध्ये इसाओ कारुबे आणि सहकाऱ्यांनी 1977 मध्येच पाण्यातला ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर जंतूंचा थर बसवून बीओडी मोजला होता, 1990 मध्ये तिथे या पद्धतीचं स्टँडर्डपण आलं. आपण अजून बाटल्याच मोजतोय.

तेवढ्यात काठावरून एक आप्पा आले, "काय करी ऱ्हायना भो?" म्हटलं, जंतूंना जेवू घालतोय. आप्पांनी एकदा बरणीकडे बघितलं, एकदा आमच्याकडे.

भानगडी आहेत. उन्हाळ्यात पारा 44ला गेला की आकडा हलतो, घाण फारच असेल तर पाणी पातळ करून घ्यावं लागतं, आणि कोणी ॲसिड सोडलं तर जंतूच मरतात, मीटर खाली येतं, बघणाऱ्याला वाटतं पाणी स्वच्छ झालं. म्हणून बाटल्यापण ठेवाव्या लागतातच, पण रात्री घाण पाणी कधी आलं ते बाटली सांगणार नाही.

काठावरच्या विहिरींचं पाणी आता कोणी पीत नाही.

संध्याकाळचे सात. म्हशी घरी गेल्या. बरणी नाल्यातच ठेवलीय, आकडा दुपारपासून एका जागी होता... आता बघा.