पट्ट्या दिसल्या, मग पुढे काय? टेलोमरेज आणि एक पीएचडी

मायक्रोस्कोपखाली हा जो पाण्यात गरगर फिरताना दिसतोय ना, तो टेट्राहायमेना. गोड्या पाण्याच्या तळ्यात, डबक्यात राहणारा एकाच पेशीचा जीव, अंगभर बारीक केस आणि त्यांच्यावरच पोहतो. माणसाच्या पेशीत 46 क्रोमोसोम, म्हणजे 92 टोकं. याच्या मोठ्या केंद्रकात मात्र क्रोमोसोमचे इतके छोटे छोटे तुकडे असतात की टोकंच हजारोंच्या घरात जातात, त्यामुळे ज्याला टोकांवर काम करायचंय त्याने सरळ याच्याकडेच यायचं.

टोकांवर काम कशाला, तर तिथे एक जुनं कोडं होतं. पेशी दुभंगायच्या आधी डीएनएची कॉपी होते. ती करणारं एन्झाइम कोऱ्या जागेवरून सुरुवातच करू शकत नाही, त्याला आधी आरएनएचा छोटा तुकडा लागतो आणि ते चालतं एकाच दिशेने. तो तुकडा नंतर निघतो, मधल्या जागा भरल्या जातात, पण अगदी टोकाचं राहूनच जातं. म्हणजे दर कॉपीला क्रोमोसोम जरासा आखूड व्हायला हवा. मॉस्कोत ओलोव्निकोव आणि अमेरिकेत वॉटसन, दोघांनीही 1970 च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे वेगवेगळं मांडलं होतं. मग हा टेट्राहायमेना पिढ्यानपिढ्या टिकतो कसा?

1978 मध्ये एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि जोसेफ गॉल यांनी या टोकांवर काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. डीएनए ए, टी, जी, सी या चारच अक्षरांत लिहिलेला असतो. टीटीजीजीजीजी, टीटीजीजीजीजी, हीच सहा अक्षरं परत परत. पुढे ब्लॅकबर्न यांनी जॅक शोस्टाक यांच्याबरोबर यीस्टवर काम केलं आणि त्यांना वाटायला लागलं की ही अक्षरं टोकाला नव्याने जोडणारं एखादं एन्झाइम असणार, जे अजून कुणी बघितलेलं नाही. त्यालाच पुढे टेलोमरेज हे नाव मिळालं.

आणि हा प्रश्न कॅलिफोर्नियात बर्कलीला ब्लॅकबर्न यांच्या लॅबमध्ये पीएचडीसाठी घेतला कॅरोल ग्रायडरने. तिला लहानपणापासून डिस्लेक्सिया होता, कॉलेजचे मार्क चांगले, रिसर्चचा अनुभव चांगला पण जीआरईचा स्कोअर कमी, म्हणून बहुतेक विद्यापीठांनी तिला इंटरव्ह्यूलाही बोलावलं नाही. एका परीक्षेच्या आकड्यावर पोरांना बाजूला काढायची सवय आपल्याकडेही चांगलीच मुरलेली आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

आता काम काय होतं ते जरा जवळून बघू. एकमेकांशी मीलन होऊ शकेल असे टेट्राहायमेनाचे दोन प्रकार एकत्र करायचे. त्यांचं मीलन झालं की नवीन केंद्रक तयार होतं आणि त्या वेळी हजारो नवी टोकं बनतात, म्हणजे ते एन्झाइम असलंच तर तेव्हाच भरपूर असणार. बरोब्बर त्या वेळी पेशी फोडायच्या, आतला अर्क घ्यायचा, त्यात टोकासारखा डीएनएचा तुकडा टाकायचा आणि रेडिओअॅक्टिव्ह फॉस्फरस लावलेली अक्षरं टाकायची. नंतर ते दोन काचांच्या मधल्या पातळ जेलमध्ये करंट लावून पळवायचं. छोटे तुकडे पुढे जातात, लांब मागे राहतात. जेलवर एक्स-रे फिल्म ठेवायची आणि वाट बघायची. सुरुवातीला जे तुकडे वापरले त्यांनी काही धड स्पष्ट होईना. मग टीटीजीजीजीजी चार वेळा असलेला, मशीनवर बनवलेला 24 अक्षरांचा तुकडा टाकला.

25 डिसेंबर 1984, नाताळ. तेवीस वर्षांची कॅरोल लॅबमध्ये जाऊन फिल्म डेव्हलप करते आणि त्यावर पट्ट्याच पट्ट्या, दर सहा अक्षरांना तोच नमुना, खालून वर चढत गेलेला. कुणीतरी सहा सहा अक्षरं जोडत चाललंय!

बहुतेक ठिकाणी ही गोष्ट इथेच संपवतात, मला ते पटत नाही. खरी पीएचडी तर इथून पुढे आहे. कारण अर्कात डीएनएची कॉपी करणारी नेहमीची एन्झाइमं, म्हणजे पॉलिमरेज, असतातच, त्यांनीच इकडचं तिकडचं कॉपी करून हा नमुना दाखवला नसेल कशावरून? म्हणून पुढचे कित्येक महिने दोघींनी आपलंच म्हणणं पाडायचा प्रयत्न केला. पॉलिमरेज अडवणारं औषध घातलं, तरी पट्ट्या येतच राहिल्या. टोकाशी संबंध नसलेला डीएनए दिला, काही जोडलं गेलं नाही. मग यीस्टच्या टोकाचा तुकडा दिला, त्याची अक्षरं वेगळी, पण त्यावर जोडलं गेलं ते टेट्राहायमेनाचंच! आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर पुरावा तर हा, की यीस्टचा तो तुकडा तीन ‘जी’ अक्षरांवर संपत होता तर आधी एक जी लावून चार पुरे केले आणि मग पुढचं टीटीजीजीजीजी, त्यामुळे सगळ्या पट्ट्या बरोब्बर एका घराने सरकल्या. एवढं झाल्यावर डिसेंबर 1985 मध्ये ‘सेल’ या विज्ञान नियतकालिकात पेपर आला, नावं दोनच, ग्रायडर आणि ब्लॅकबर्न.

आज माहितीय की बहुतेक कॅन्सरच्या पेशींमध्ये हे एन्झाइम चालू असतं, आणि ते कमी पडलं तर अस्थिमज्जेचे, फुप्फुसाचे काही आजार होतात. 2009 चं नोबेल ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शोस्टाक या तिघांना मिळालं. पण तेव्हा, डबक्यातल्या जीवावर काम करताना, यातलं काहीच कुणाच्या डोक्यात नव्हतं, फक्त टोकं टिकतात कशी एवढंच हवं होतं.

आणि एक प्रश्न अजून शिल्लक होता. समोर यीस्टचा तुकडा असताना या एन्झाइमला टीटीजीजीजीजी सुचतं कुठून? अर्कातला आरएनए कापून टाकला तर काम बंद पडतं हे दिसलं, म्हणजे साचा एन्झाइमच्या पोटातच, आणि तो आरएनएचा. 1987 मध्ये ते छापून आलं, त्याच वर्षी पीएचडी झाली. मग कॅरोल न्यूयॉर्क राज्यातल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर या संशोधन संस्थेत गेली, तरी हा धागा काही सोडला नाही, आणि 1989 मध्ये त्या आरएनएचं जीन हाती लागलं. 159 अक्षरं, आणि त्यात सीएएसीसीसीसीएए, टीटीजीजीजीजी ज्याच्यावर नेमकं बसतं तो साचा.